तरंगता कण थंड करू पाहणाऱ्यास

लेसरच्या चिमट्यात, म्हणजे एकवटलेल्या लेसर किरणात, अधांतरी पकडलेला सिलिकाचा सूक्ष्म कण थंड करायचा म्हणजे त्याच्या वस्तुमानकेंद्राचे हेलकावे कमी करायचे, हे आधी नीट लक्षात घ्या. आतून तो लेसरमुळे उलट तापलेलाच असतो. पंप सुरू करताच थेट उच्च निर्वात गाठण्याची घाई करू नका. साधारण 10 मिलिबारला थांबून मापन घ्या, कारण तिथे हवेच्या रेणूंच्या टकरींमुळे ही हालचाल खोलीच्या तापमानाशी जुळलेली असते आणि कणाची हालचाल टिपणाऱ्या डिटेक्टरच्या व्होल्टचे नॅनोमीटरमध्ये रूपांतर करायला तोच भरवशाचा आधार मिळतो. त्यापुढे दाब उतरवताना फीडबॅक (मोजलेल्या हालचालीनुसार कणाला उलट दिशेने रोखणारे बळ) चालू नसेल, तर कण बहुधा निसटतो.

ज्या डिटेक्टरच्या संकेतावर फीडबॅक चालतो, त्याच्याच आलेखावरून तापमान सांगू नका. फीडबॅक जोरात वाढवला की त्या आलेखात गोंगाटही दबलेला दिसतो आणि आकडा फसवा, अर्थातच मोहक, येतो. त्यासाठी दुसरा, स्वतंत्र डिटेक्टर लावा.

2020 मध्ये व्हिएन्नात प्रकाशीय पोकळी (समोरासमोरच्या आरशांमधली प्रकाश कोंडणारी जागा) वापरून एका दिशेतली गती क्वांटम मूलस्थितीपर्यंत, म्हणजे शक्य तितक्या कमी ऊर्जेच्या स्थितीपर्यंत, नेली गेली, पण तो मोह तूर्त आवरा: पोकळीचे आरसे जुळवणे हा वेगळाच उद्योग आहे, आणि फीडबॅकनेही तिथवर पोहोचता येते हे व्हिएन्ना व झ्युरिकच्या गटांनी 2021 मध्ये दाखवले आहे.