हातावरचा क्रमांक आणि आईचा अबोला

पत्र : ताई, मी २६ वर्षांची असून मालवण तालुक्यात, अगदी किनाऱ्याला लागून आमचे घर आहे. मी एका पतसंस्थेत नोकरी करते. माझे बाबा स्वतःच्या मासेमारी बोटीवर तांडेल, म्हणजे बोट चालवणारे प्रमुख, होते. मूत्रपिंडाच्या आजाराने ते गेले. उपचारांसाठी काढलेले आणि बोटीवरचे, अशी दोन्ही कर्जे फेडण्यासाठी त्यांच्यामागे बोट विकावी लागली; ती आता देवगडच्या एका मालकाकडे आहे. यंदाच्या श्राद्धानंतर मी गोव्यात जाऊन कोपराखाली, हाताच्या आतल्या बाजूला त्या बोटीचा नोंदणी क्रमांक गोंदवून घेतला. लहानपणी बंदरावर उभी राहून परतणाऱ्या बोटींमध्ये मी तोच क्रमांक शोधत असे. आईने तो पाहिला आणि ‘आता ह्यां रोज माका दाखवतलंस?’ एवढेच म्हणाली. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतेच बोलते. असली थेरं आपल्या घरात नव्हती, असे आत्या म्हणाली. त्यावर आजीच्या दोन्ही हातांवर गोंदण आहे, असे मी तिला सुनावले आणि भांडण वाढले. कार्यालयात लोक विचारतात, कुणाचा मोबाइल नंबर आहे का. रक्तदान शिबिरातून मला सगळ्यांसमोर परत पाठवले. एका स्थळाकडच्या बाईंनी हा ‘कुणाचा तरी’ नंबर असणार, असे मध्यस्थाला सांगून नकार कळवला. त्यात धाकटा भाऊही हाच क्रमांक गोंदवायचा म्हणतो आणि त्याला नौदलात जायचे आहे. जे बाबांसाठी केले त्यामुळे मी घरातच गुन्हेगार ठरले आहे. मी तो काढून टाकू का?

उत्तर : काढून टाकू नका, निदान आत्ता तरी नको. लेझरने गोंदण काढता येते आणि काळी शाई इतर रंगांपेक्षा लवकर निघते हे खरे आहे. परंतु एका बैठकीत ते काम होत नाही. लेझरमुळे शाईचे कण बारीक फुटतात, ते शरीर हळूहळू वाहून नेते, आणि म्हणून काही आठवड्यांच्या अंतराने अनेक वेळा जावे लागते. त्याला पैसे लागतात, त्रास होतो आणि पुष्कळदा फिकट खूण मागे राहते. असा निर्णय घरातल्या ताणाखाली घेऊ नये. शिवाय आईने जे पाहायचे ते पाहून झाले आहे. उद्या हात कोरा झाला तरी तिच्या मनात जे उठले आहे ते तेवढ्याने मिटणार नाही, उलट ते कधीच बोलले जाणार नाही अशी मला भीती वाटते.

तुमच्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य आईचे आहे, आणि नेमके त्याच्यापाशी तुम्ही थांबलेल्या नाहीत. क्रमांक वाईट दिसतो असे ती म्हणाली नाही, लोक काय म्हणतील असेही म्हणाली नाही. तो आपल्याला रोज पाहावा लागणार, हे तिचे दुखणे आहे. तुम्ही लिहिले आहे की बोट विकावी लागली. ती विकली कोणी, हे मात्र लिहिलेले नाही. मालक गेल्यावर बोट आधी वारसांच्या नावावर करावी लागते, त्यासाठी मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयात खेपा घालाव्या लागतात, कर्ज फेडल्याचा बँकेचा दाखला आणावा लागतो आणि मग विक्रीच्या कागदावर सही करावी लागते. तुमच्या घरात हे सारे बहुधा आईने केले असेल. तसे असेल तर तुम्ही हातावर घेतलेला क्रमांक तिने शेवटचा त्या कागदावर, आपल्या सहीच्या वर पाहिलेला आहे.

त्याआधीची वर्षेही आठवून पाहा. किनाऱ्यावर वाढलेल्या मुलीला बोटीचा क्रमांक दुरून दिसतो आणि बाबा आले हे कळते. तांडेलाच्या बायकोला तोच क्रमांक डिझेलच्या परताव्याच्या अर्जावर, विम्याच्या कागदावर, मासेमारी परवान्याच्या नूतनीकरणात आणि कर्जाच्या हप्त्याच्या पावतीवर दिसत असतो. वादळाचा इशारा लागल्यावर बोट वेळेत आली नाही, तर मच्छीमार संस्थेत किंवा बंदरावर जाऊन ती याच क्रमांकाने चौकशी करते. दरवर्षी १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात बोट वर ओढलेली असते, उत्पन्न थांबते, जाळी आणि इंजिनाची दुरुस्ती मात्र थांबत नाही, आणि त्या खर्चाचा मेळ घालणारी घरातली बाईच असते. तुमच्यासाठी तो क्रमांक वडिलांच्या परतण्याची खूण आहे. आईसाठी त्यात धास्ती, हिशेब आणि शेवटची विक्री हे सगळे एकत्र आहे. या दोन्ही गोष्टी एकाच बोटीच्या आणि एकाच माणसाच्या आहेत, म्हणून तुमचे खरे आणि तिचे खोटे असे ठरवता येत नाही.

आणखी एक शक्यता मला सतावते, आणि आईला मी ओळखत नसले तरी ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. तो क्रमांक पाहून तिला असे तर वाटले नसेल ना, की मुलगी आपल्याला विचारते आहे, बाबांची बोट तू का विकलीस? तुमच्या मनात असा आरोप नाही, हे पत्रावरून स्पष्ट दिसते. परंतु आईला तुम्ही ते कधी सांगितले आहे का? अपराधाची बोच तुम्हालाच लागली आहे असे तुम्हाला वाटते. कदाचित त्या घरात तशीच बोच आणखी एक बाई बोट गेल्यापासून एकटीच सहन करत असेल.

म्हणून आईशी बोलताना गोंदणाचा विषय आधी काढू नका. त्याचा अर्थ तिला समजावून सांगू नका. तो तिला तुमच्यापेक्षा जास्त कळतो. बोटीबद्दल विचारा. व्यवहार ठरवायला कोण कोण आले होते, किंमत कशी ठरली, बोट देवगडला नेली त्या दिवशी ती बंदरावर गेली होती की घरातच थांबली, हे तिला विचारा आणि ती बोलत असताना मध्ये काही जोडू नका. हे बोलणे आत्या किंवा भाऊ समोर असताना होऊ नये. दोघी मिळून मासे साफ करत असाल किंवा वाल सोलत बसला असाल, हात कामात आणि नजर खाली असेल, अशा वेळी आपल्याकडच्या बायका मनातले बोलतात असा माझा अनुभव आहे. तिचे सांगून झाले की तुम्ही एवढेच म्हणा की बोट विकलीस ते बरोबर केलेस, तू नसतीस तर आम्ही कर्जात बुडालो असतो, आणि मी हे बाबांच्या आठवणीने केले, तुझ्यावरच्या रागाने नाही. हे वाक्य तिने ऐकणे फार गरजेचे आहे, मग क्रमांक तिला आवडो अथवा न आवडो.

तो तिला कधीच आवडणार नाही, हेही शक्य आहे. तिला तेवढी मोकळीक असू द्या. काही महिने घरात पूर्ण बाहीचा कुर्ता घातलात तर त्यात तुमची हार नाही; जेवण वाढताना दर वेळी ती खूण तिच्या डोळ्यांसमोर येऊ नये एवढीच ती काळजी आहे. ज्या गोष्टीला आपल्यासाठी मोठा अर्थ असतो तिला घरातल्या इतरांनीही त्याच अर्थाने पाहावे, अशी अपेक्षा आपण नकळत धरतो, आणि ती पुरी झाली नाही की आपल्या दुःखालाच कोणी नाकारले असे वाटू लागते. आईने तुमचे दुःख नाकारलेले नाही. तिचे दुःख वेगळ्या ठिकाणी आहे.

आत्याच्या बाबतीत तुमची माहिती बरोबर होती, तिचा वापर मात्र बरोबर नव्हता. गोंदण आपल्याकडे फार जुने आहे. गावोगाव फिरणाऱ्या बायका सुयांनी आणि काजळीने ते करत, आणि मेल्यावर अंगावरचे दागिने काढून घेतले तरी गोंदण तेवढे बरोबर येते, ही समजूत आजीच्या पिढीतल्या बायका आजही सांगतात. परंतु ते बहुतेकींना लहान वयात, रडत असताना धरून बसवून केलेले असे. त्यांना कुणी विचारलेले नसे. त्या ठिपक्यांमुळे मुलगी चार जणींसारखी होत असे, तर तुम्ही मात्र चार जणींपैकी कुणीही केले नाही ते स्वतःच्या इच्छेने केले आहे. माझ्या मते तुमच्या कृतीचे मोल त्या इच्छेत आहे, आणि आजीचा हात पुढे करून तुम्ही ते स्वतःच कमी केलेत. शिवाय ती बोट आत्याच्या भावाची होती. भाऊ गेल्याचे तिलाही सोसायचे आहे आणि माहेरचे काय चालते हे आता आपल्याला कुणी विचारत नाही, असेही तिला वाटत असेल. तिच्याशी वाद जिंकण्याची गरज नाही. आणि हो, साऱ्या पत्रात आजी स्वतः काय म्हणाली ते कुठेच नाही. तिचा तर मुलगा गेला आहे. तिच्या शेजारी बसून तिला तुमचा हात दाखवा आणि तिच्या हातावर कुणी, कधी गोंदले ते विचारा. उत्तर काहीही येवो, घरात निदान एक माणूस असे असेल ज्याच्याशी या विषयावर भांडणाविना बोलता येईल.

कार्यालयातल्या लोकांना ‘वडिलांच्या बोटीचा क्रमांक आहे’ हे एक वाक्य पुरेसे आहे. किनाऱ्यावरच्या माणसाला त्यापुढे काही सांगावे लागत नाही. ज्याला एवढे सांगण्याचीही तुमची इच्छा नसेल त्याला ‘घरचा आहे’ म्हणून विषय संपवा. हातावर दिसते म्हणून त्यामागची कहाणी प्रत्येकाला सांगण्याचे बंधन तुमच्यावर येत नाही.

रक्तदान शिबिरातल्या प्रसंगाने तुम्हाला लाज वाटली, परंतु तिथे तुमच्याविषयी कुणी मत बनवले नव्हते. गोंदवल्यानंतर १२ महिने रक्त घेऊ नये, असा राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेच्या २०१७ च्या निकषांत नियमच आहे. सुई निर्जंतुक नसेल तर कावीळ ब, कावीळ क किंवा एचआयव्हीची लागण होऊ शकते आणि अगदी ताजी लागण तपासणीत सुटण्याची शक्यता असते, म्हणून ही मुदत ठेवलेली आहे. ती संपली की तुम्ही रक्त देऊ शकता. गोंदवलेल्या माणसाचे रक्त कायमचे बाद होते, ही समजूत चुकीची आहे आणि शिबिरात जे कुजबुजले त्यांना ते सांगायला हरकत नाही.

स्थळाचे मात्र मला मनापासून वाईट वाटले. नकार द्यायचा त्यांना हक्क आहे. न विचारता मुलीच्या नावाशी परका पुरुष जोडून तो मध्यस्थाच्या कानावर घालण्याचा हक्क कुणालाही नाही. हे असेच सोडू नका, कारण मध्यस्थ दहा घरे फिरतो. तुमच्या मामांनी किंवा काकांनी त्याला भेटून तो क्रमांक कशाचा आहे हे सरळ शब्दांत सांगावे आणि पुढच्या घरी त्यानेच ते आधी सांगावे असे बजावावे. पुढचे स्थळ येईल तेव्हा बाहीखाली हात लपवून बसू नका. मुलाशी एकट्याने बोलण्याची वेळ मिळाली की तुम्ही स्वतःच त्याला दाखवा. तो तुमच्या वडिलांबद्दल पुढे काही विचारतो की आई काय म्हणेल याचाच विचार करत गप्प बसतो, यावरून तुम्हाला पुष्कळ कळेल.

राहिला भाऊ. नौदलाच्या भरतीत कायमस्वरूपी गोंदण फक्त कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंत, म्हणजे हाताच्या आतल्या अंगाला, आणि तळहाताच्या मागच्या बाजूला चालते. दंड, छाती, मान किंवा पाठीवर असेल तर उमेदवार बाद होऊ शकतो. अर्ज करण्यापूर्वी त्याने त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचावी, मित्रांच्या सांगण्यावर जाऊ नये. जत्रेत बॅटरीवरचे यंत्र घेऊन बसणाऱ्यांकडे त्याला जाऊ देऊ नका, कारण तिथे एकच सुई एकामागून एक हातांवर फिरते. जायचेच असेल तर नवी सुई समोर पाकीट फोडून काढणाऱ्याकडे आणि कावीळ ब ची लस घेऊन जावे. नंतर जखम भरेपर्यंत, म्हणजे साधारण दोन ते चार आठवडे, समुद्रात उतरू नये, आणि हे आपल्याकडच्या मुलाला दोनदा सांगावे लागते. परंतु या सगळ्याच्या आधी त्याने आईला विचारावे. तुमच्या वेळी तिला कुणी विचारले नाही, आणि एकाच क्रमांकाचे दोन हात तिला रोज ताटावर वाढताना पाहायचे आहेत. ती नको म्हणाली तर भरतीचा निकाल लागेपर्यंत तरी त्याने थांबावे, आणि हे त्याला तुम्ही सांगा, आईला सांगायला लावू नका.