चर्चमध्ये ज्येष्ठांना प्रश्न विचारणं म्हणजे त्यांचा अपमान का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय चोवीस, नाशिकच्या एका मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, जन्मापासून आहात. उपासनेत गिटार आणू म्हटलं तर नाही. वार्षिक सभेत छपराच्या दुरुस्तीचा खर्च विचारलात तर एका ज्येष्ठांनी 'उद्धट' म्हणून खाली बसवलं, आणि वर वचन ऐकवलं की वडील माणसाला टाकून बोलू नये. आता तुम्ही पाच-सहा जण दुसऱ्या फेलोशिपला (स्वतंत्र प्रार्थनागटाला) जायच्या विचारात आहात.

मी पन्नाशी ओलांडली आहे. एके काळी आमच्या तरुण संघाचा सेक्रेटरी होतो, आता कमिटीत आहे. म्हणजे बोलणी दोन्हीकडची खाल्ली आहेत.

गिटार आणि हिशोब ही दोन भांडणं तुम्ही एकाच पिशवीत घातली आहेत. तुमच्या ज्येष्ठांनीही तेच केलंय. यात थोडा दोष आपल्या भाषेचाही आहे. वडील म्हणजे बाप, वडील म्हणजे वयाने मोठा, आणि मंडळीत वडील म्हणजे पद, ज्याच्या हातात कारभार आहे तो. मूळ ग्रीकमध्येही वयस्क माणसाला आणि मंडळीच्या वडिलाला एकच शब्द आहे, प्रेस्बुतेरोस. आपला 'प्रेसबिटर' त्यातूनच आला.

तुम्हाला ऐकवलेलं वचन बायबलातल्या, तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायातलं अगदी पहिलं. तोच अध्याय पुढे वाचा. सतराव्या वचनापासून पदावरच्या वडिलांचा विषय सुरू होतो. चांगला कारभार करणाऱ्यांना दुप्पट मान द्या, असं तिथे आहे. मग एकोणिसाव्यात दोघा-तिघा साक्षीदारांशिवाय त्यांच्यावरचा आरोप ऐकून घेऊ नका, आणि लगेच विसाव्यात, पाप करणाऱ्यांना सर्वांसमोर दोष द्या. पहिलं वचन तोंडपाठ आणि विसावं विसरलेलं, असं आमच्याकडेही चालतं. (कोणी तुझं तारुण्य तुच्छ मानू नये हेही त्याच पत्रात, एक अध्याय आधी आहे. पण ते सभेत कोणाच्या अंगावर फेकू नका. त्याच वचनाचा उरलेला भाग तरुणाने कित्ता व्हावं याबद्दल आहे आणि तो तुम्हालाच ऐकवला जाईल.)

वयाचा मान द्यायचा तो अटी न घालता. पदाचा मान हिशोबासकट.

आता गिटार. १९९६ च्या सुमारास आम्ही पोरांनी वर्गणी काढून मेन रोडवरून एक कॅसिओ कीबोर्ड आणला. शनिवारी रात्री व्यासपीठाच्या डावीकडची पेटी (हार्मोनियम) उचलून मागच्या खोलीत, घडीच्या खुर्च्यांच्या ढिगावर ठेवून दिली. रविवारी काका आले. वीस-पंचवीस वर्षं पेटी तेच वाजवत होते. नेहमीसारखा रुमालाने चष्मा पुसत डावीकडे गेले आणि थांबले. काही बोलले नाहीत. मागच्या खोलीत गेले. आम्हाला वाटलं आता पेटी घेऊन येतात आणि तमाशा होतो. पेटीवरचं कापड आम्ही गडबडीत जमिनीवरच टाकलं होतं. ते त्यांनी उचललं, झटकलं, पेटीवर चारही बाजूंनी नीट घातलं आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसले. पुढचे तीन महिने ते चर्चला आले नाहीत.

शेवटी आईने मला धरून त्यांच्या घरी नेलं. मी बचावाची सगळी वाक्यं तयार ठेवली होती. काका म्हणाले, "वाजवा की कॅसिओ, मी कुठे नाही म्हणतोय? पण पावसाळ्यात पेटी अशी भिंतीला टेकवून ठेवतात का? ओल धरते, पट्ट्या अडकतात." मग चहा आला. कप खाली ठेवताना म्हणाले, "मला सांगितलं असतंत तर मीच उचलू लागलो असतो."

पुढच्या रविवारपासून पहिलं आणि शेवटचं गीत पेटीवर, मधली कॅसिओवर. पट्टी आम्ही फार चढी धरतो, म्हाताऱ्या बायकांचा आवाज तिथे पोचत नाही, हेही त्यांनीच दाखवून दिलं. ते बरोबर होतं.

'गिटार आपली नाही' याला उत्तर इतिहासात आहेच. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तर नाशिकजवळच्या जलालपूरच्या. टिळकांच्या आधी आपल्या मंडळ्यांत इंग्रजी गीतांची भाषांतरं इंग्रजी चालींवर म्हणायची मोठी पद्धत होती. त्यांनी अभंग-ओवीच्या वळणाची भजनं भरभरून लिहिली. म्हणजे ज्यांना आपण बापजाद्यांची भजनं म्हणतो ती तेव्हा नवीनच होती. पेटीही मूळची युरोपातली. हा मुद्दा मी एकदा सभेत मांडला, वादात जिंकलो, आणि गिटार काही आली नाही.

ज्येष्ठ म्हणजे जुनाट हे मात्र डोक्यातून काढा. याच टिळकांनी १९१७ साली, पंचावन्न उलटल्यावर, साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला, आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. आज ऐंशीच्या घरात असलेली तुमची माणसं घ्या. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा वेगवेगळ्या पंथांच्या मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झाली, तेव्हा ही माणसं पंचविशीत होती. तेव्हा त्यांच्या घरातले म्हातारे काय म्हणाले, ते विचारा. माझे आजोबा वर्षभर कुरकुरत होते, असं वडील सांगायचे.

हिशोबाचं वेगळं आहे. कॅसिओच्या दुसऱ्याच वर्षी मी सभेत कंपाउंडच्या भिंतीचा खर्च विचारला. एक जण म्हणाले, "तुझ्या बापाने कधी विचारलं नाही." बाप दोन खुर्च्या सोडून बसलेला. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले, ते जमिनीकडे. घरी जाताना शरणपूर रोडच्या सिग्नलला स्कूटर थांबली तेव्हा मागे न बघता म्हणाले, "विचारलंस ते बरोबर. पण चारचौघांत कशाला?" मला ते तेव्हा पटलं नाही आणि आज कमिटीत बसूनही पटत नाही. सभा असते कशाला मग?

पण पद्धत मी बदलली. पुढच्या वर्षी सभेच्या पंधरा दिवस आधी लेखी अर्ज दिला: अमुक काम, अमुक रक्कम, बिलं बघायला मिळावीत. खाली माझ्यासोबत दोन ज्येष्ठांच्या सह्या. त्यातली एक वडिलांची. लेखी आल्यावर उद्धट म्हणायला कोणाला जागाच राहिली नाही. निघालं काय, तर पैसे कोणी खाल्ले नव्हते. मुकादमाला रोख दिले होते, पावत्या घेतल्या नव्हत्या, आणि हे कबूल करायची खजिनदारांना लाज वाटत होती. तुमच्याकडे असंच निघेल असं नाही. कोणी खाल्लेच असतील तर पिकल्या केसांआड त्याला लपू देऊ नका.

एक कामाची गोष्ट: तुमच्यापैकी किती जणांचं दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर आपला विश्वास स्वतः कबूल करायचा विधी) झालंय आणि वर्गणी चालू आहे? आमच्याकडे सभेत मत द्यायला दोन्ही लागतं. आरडाओरडा करणाऱ्या सात पोरांपैकी पाच जणांची नावं यादीतच नव्हती, मीही त्यातला एक.

सोडून जायचं तर जा, पाप नाही ते. फक्त तिथे लग्न लावायचा अधिकार कोणाला आहे ते बघून घ्या. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यात ते कोणीही उठून करायचं काम नाही. आणि मयतीच्या वेळी कबरस्तान कोणाचं, हेही. चोवीसाव्या वर्षी हे प्रश्न सुचत नाहीत, मलाही सुचले नव्हते.

जायच्या आधी मात्र ज्यांनी तुम्हाला खाली बसवलं त्यांच्या घरी एकदा जाऊन या. दोघंच जा, सगळी टोळी नको, आणि छपराचा विषय पहिल्या चहाला काढू नका. रविवारी दुपारी तर मुळीच जाऊ नका. उपासना, मग मटण-भात, मग चारपर्यंत झोप असते. शनिवारी सहानंतर बरं.