वाचकांचे प्रश्न : फोन गेला, आधी काय?

कुर्ल्याला गर्दीत लोकल पकडताना खिशातला फोन मारला. पोलिसांकडे आधी जायचं की सिम बंद करायचं? – एक वाचक, मुलुंड

दोन्हींच्या आधी फोन लॉक करा. सिम बंद झालं की फोनचं इंटरनेट जातं आणि तुमचा हुकूम फोनपर्यंत पोचतच नाही. शेजारच्या प्रवाशाचा मोबाइल मागून घ्या. अँड्रॉइड असेल तर गूगलच्या ‘रिमोट लॉक’ पानावर नुसता तुमचा नंबर टाकून भागतं, मात्र ही सोय आधीपासून चालू हवी. जीमेलने लॉगइन करायला गेलात तर ओटीपी त्या चोरलेल्या फोनवरच जायचा! आयफोनसाठी आयक्लाउडच्या ‘फाइंड’ पानावरून ‘लॉस्ट मोड’ लावा. घाईने सगळा डेटा पुसू नका. अँड्रॉइड फोन पुसल्यावर नकाशावर दिसेनासा होतो.

हे झालं की लगेच सिम बंद करायला सांगा. स्क्रीन लॉक असली तरी सिम काढून दुसऱ्या फोनात घातलं की बँकेचे ओटीपी चोराच्या हातात. मग बँकेला सांगून यूपीआय थांबवा. पैसे गेलेच असतील तर 1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, ताबडतोब फोन करा. रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्याआधी कळलं तरच ती गोठवता येते.

पोलीस त्यानंतर. गाडीत किंवा फलाटावर चोरी झाली तर तक्रार लोहमार्ग पोलिसांकडे, पण हद्दीचं कारण सांगून कुणी परत पाठवू शकत नाही. फोन चोरीला गेला असेल तर तक्रारीत ‘गहाळ’ नव्हे, ‘चोरी’ लिहून घ्या.

तक्रारीची प्रत आणि ओळखपत्र घेऊन ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावर आयएमईआय (फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) ब्लॉक करा, खरेदीची पावती असेल तर तीही जोडा. दोन सिमच्या फोनला दोन आयएमईआय असतात, दोन्ही भरा. लोक अडकतात ते इथे : अर्जाला ओटीपी लागतो, आणि नव्याने मिळालेल्या सिमवर पहिले 24 तास एसएमएस बंद असतात, त्यामुळे त्या नंबरवर ओटीपी येत नाही. ही कंपनीची चूक नव्हे, सिम बदलून होणारी फसवणूक रोखायचा नियम आहे.

काही दिवसांनी ‘तुमचा आयफोन सापडला’ असा मेसेज लिंकसकट येईल. तो बहुधा चोराच्या माणसांचाच असतो, पासकोड काढून घेण्यासाठी. उघडू नका आणि फोन ॲपल खात्यातून काढूही नका.

लोकलच्या दारात उभं राहून फोनवर बोललं की रुळांलगतचा चोर हातावर फटका मारून फोन पाडतो, हे माहीत आहे. सेटिंगमध्ये काय करून ठेवू? – एक वाचक, डोंबिवली

एकच करायचं तर सिमला पिन लावा. सिम दुसऱ्या फोनात गेलं तरी पिनशिवाय चालत नाही. सुरुवातीचा पिन कंपनीला विचारा, अंदाजाने टाकू नका : तीनदा चुकला की पीयूके (अडकलेलं सिम उघडायचा कोड) लागतो, आणि पीयूके दहादा चुकला की सिम कायमचं बाद. आणखी एक, फोन बंद होऊन सुरू झाला की पिन टाकेपर्यंत कॉल येणार नाहीत. घरच्यांना हे सांगून ठेवा, नाहीतर नसता गोंधळ.

लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसू देऊ नका. यूपीआय पिन आणि स्क्रीनचा पिन वेगळे हवेत. यूपीआय लाइटला तर छोट्या रकमेसाठी पिनच लागत नाही, म्हणून ॲपला वेगळं कुलूप घाला. स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश डायल करून आयएमईआय बघा आणि घरी कागदावर उतरवून ठेवा. फोनमध्येच जपलेला नंबर फोनबरोबरच जातो.

आई एकटी असते. अडचणीत पटकन मदत कशी मागेल? – एक वाचक, गिरगाव

112 हा आणीबाणीचा नंबर कुठल्याही लॉक फोनवरून लागतो. बऱ्याच फोनवर पॉवर बटण भराभर तीन किंवा पाच वेळा दाबूनही तो लागतो. आईच्या मॉडेलला किती, ते ‘सुरक्षा आणि आणीबाणी’ सेटिंगमध्ये बघा. तिथेच तुमचा नंबर, आईचा रक्तगट आणि तिची चालू औषधं भरा, म्हणजे लॉक न उघडता डॉक्टरांना दिसतील. खिशात, पर्समध्ये बटण दाबलं जाऊन चुकून कॉल लागतात, त्यामुळे कॉल जाण्याआधीची उलटी मोजणी चालू ठेवा आणि ती रद्द कशी करायची हे आईकडून करून घ्या.