तयार कपडे शिवणाऱ्या कामगारांच्या मुलांना शिक्षणाचा वेगळा हक्क असतो का?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत : कपड्यांच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांच्या मुलांना शिक्षणाचा काही खास हक्क आहे का, आणि प्राथमिक शाळा फुकट असूनही यांतली बरीच मुले शाळेबाहेर का राहतात.

पहिल्याचे उत्तर सरळ आहे. वेगळा हक्क नाही आणि त्याची गरजही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क कराराच्या कलम २८ प्रमाणे प्राथमिक शिक्षण सर्वांना सक्तीचे व मोफत हवे, आणि आईबाप कोण आहेत यावरून मुलांत भेदभाव करण्यास कलम २ मनाई करते.

दुसऱ्या प्रश्नासाठी मात्र मी याच कराराचे कलम १८ वाचायला सांगेन. शिक्षणाच्या चर्चेत त्याचे नाव सहसा कोणी घेत नाही. नोकरी करणाऱ्या आईबापांच्या मुलांना बालसंगोपनाच्या सोयींचा लाभ मिळावा, यासाठी सरकारांनी उपाय योजावेत, असे त्यात म्हटले आहे. याचा शाळेशी काय संबंध, असे वाटेल. पण या धंद्यात मोठ्या संख्येने स्त्रिया आहेत, आणि माल रवाना करायची तारीख जवळ आली की शिलाईच्या लाइनवर ओव्हरटाइम लागतो. तेव्हा घरातले तान्हे मूल आठ-नऊ वर्षांच्या थोरलीच्या कडेवर जाते. तिचे नाव पटावर राहते, हजेरी मात्र कमी होत जाते, आणि परीक्षेच्या सुमारास ती शाळेत यायचीच थांबते. पाळणाघर धाकट्याचे असले तरी त्यामुळे शाळा वाचते ती थोरलीची. बांगलादेशच्या २००६ च्या श्रम कायद्यात, ४० किंवा अधिक स्त्रिया कामावर असतील तेथे त्यांच्या सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली ठेवण्याची तरतूद आहे. अशी खोली ओव्हरटाइम सुटेपर्यंत उघडी राहत नसेल, तर तिचा उपयोग अर्धाच.

घरी नगावर काम घेणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी आहे. ठेकेदार गठ्ठा टाकून जातो, मजुरी नगामागे मिळते, आणि शर्टाचे सुटे दोरे कापणे किंवा बटणे लावणे ही कामे लहान हातांनाही जमतात. मग सगळे घरच कामाला बसते. अशा घरी बसून कारखान्याचे काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ मध्ये १७७ क्रमांकाचा करार केला आणि त्यात कामाच्या किमान वयाचाही समावेश केला, पण त्याला मान्यता देणारे देश अजून थोडेच आहेत.

कायद्यांच्या वयांतही फट राहते. बांगलादेशातच १९९० च्या कायद्याने पाचवीपर्यंतचे शिक्षण सक्तीचे केले आणि २००६ च्या कायद्याने कामाचे किमान वय १४ ठरवले. पाचवी संपते साधारण अकराव्या वर्षी. पुढची तीन वर्षे शाळेची सक्ती नाही आणि कामाची परवानगीही नाही. हा काळ मला सर्वांत धोक्याचा वाटतो, कारण त्यात मूल गेले कुठे हे पाहण्याची जबाबदारी कोणावरच नसते.

नुसती बंदी किती पुरते, याचा अनुभव त्याच देशाला आलेला आहे. अमेरिकेत बालमजुरांनी बनवलेल्या मालाच्या आयातीवर बंदी घालणारे विधेयक आल्यावर, १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, बांगलादेशातल्या कारखान्यांनी अनेक मुलांना घाईने काढून टाकले. त्यांतली काही दगड फोडण्यासारख्या अधिक धोक्याच्या कामांकडे वळल्याचे युनिसेफने नोंदवले. जुलै १९९५ मध्ये कारखानदारांची संघटना, आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि युनिसेफ यांच्यात समझोता झाला. जवळपास शाळेची सोय होईपर्यंत मुलांना काढायचे नाही, असे त्यात ठरले, आणि शाळेत बसणाऱ्या मुलाला दरमहा ३०० टाका (बांगलादेशचे चलन) विद्यावेतन देण्यात आले. ही मुले स्वतः कामगार होती, कामगारांची अपत्ये म्हणून त्यांचा विचार झाला नव्हता. तरीही बुडणाऱ्या मजुरीचा काही भाग भरून देण्याची ही तरतूद मला नुसत्या बंदीपेक्षा कितीतरी शहाणपणाची वाटते.