‘गाळा’ म्हणजे ठेवा की टाका?

प्रश्न असा आला आहे: ‘पदविकेच्या मुलांना रुबी ही प्रोग्रॅमिंगची भाषा मराठीतून शिकवतो. यादीवर चालणाऱ्या मेथड्सचं, म्हणजे भाषेतल्या तयार आज्ञांचं, टिपण काढताना अटीत बसणारे घटक ठेवणाऱ्या फिल्टरला “गाळणे” असा शब्द योजला. उदाहरण दिलं: गुण ७२, १८, ९०, ३३, ४१; यातून ३५ किंवा त्याहून जास्त असलेले गुण गाळा. काही मुलांनी उत्तर लिहिलं ७२, ९०, ४१ आणि काहींनी १८, ३३. चूक कोणाची? “चाळणे” घेतलं तर भागेल का?’

मुलांची तर नक्कीच नाही. उलट १८, ३३ लिहिणाऱ्यांनी वाक्य अधिक मराठीपणे वाचलं, असं मी म्हणेन. पहिलीपासून ‘गाळलेल्या जागा भरा’ सोडवत आलेल्या पोराला ‘गाळलेलं’ म्हणजे ‘तिथे नसलेलं’ हेच आधी आठवणार.

घोळ ‘गळणे’ या मूळ क्रियापदापासूनच आहे. नळ गळतो तेव्हा पाणी थेंब थेंब बाहेर येतं, पान गळतं तेव्हा ते झाडावरून जातं. प्रयोजक ‘गाळणे’ने हे दोन्ही अर्थ उचलले. चहा गाळला की चहा कपात आणि चोथा गाळणीत. यादीतून नाव गाळलं की नावच गेलं. दोन्ही वाक्यांत गाळण्याचं कर्म आहे, पण एकात ते हाती राहतं आणि दुसऱ्यात हातचं जातं. त्यात ‘गाळ’ हे नाम आणखी तिसरीकडे ओढतं: गाळ म्हणजे तळाशी साचतो तो. धरणातून काढलेला हाच गाळ शेतकरी ट्रॅक्टरने शेतात नेऊन पसरतो. २०१७च्या सरकारी योजनेचं नावच होतं ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’. एकाने टाकलेलं दुसऱ्याने ठेवलं, दोन्ही एका नावात. (सरकारी नावांत इतकं नेमकं क्वचितच सापडतं.)

‘चाळणे’ने सुटका होत नाही. पीठ चाळलं की खाली पडतं ते ठेवायचं, वर राहिलेला कोंडा बाजूला. दळणाआधी गहू चाळले की नेमकं उलट: खाली पडते ती माती आणि बारीक कणी, आणि चाळणीत राहतो तो गहू डब्यात जातो. चाळणी तीच, हात तेच, ठेवायचं काय ते मात्र चाळणाऱ्याला ठाऊक. शिवाय ‘पुस्तक चाळलं’ म्हणजे काहीच न निवडता नुसती पानं उलटली, हाही अर्थ आडवा येतो.

मग ‘निवडणे’? आई परात मांडीवर घेऊन म्हणायची, ‘तांदूळ निवडतेय.’ बोटं मात्र खडे उचलत असायची. तांदळाला ती हात लावायची तो फक्त पसरायला. मेथीची जुडी निवडताना उलट, पानं खुडून टोपलीत आणि काड्या कागदावर. तरीही वाक्य दोन्हीकडे सरळच: तांदूळ निवडले, मेथी निवडली. उचललं काहीही असो, ‘निवडणे’चं कर्म म्हणजे शेवटी शिजायला जातं ते. ‘खडे निवडले’ असंही घरात ऐकू येतं, पण तिथे आपण बहुतेक ‘खडे निवडून काढले’ किंवा ‘वेचून टाकले’ म्हणतो. माझं सगळं उत्तर या ‘काढले’ आणि ‘टाकले’मध्येच आहे.

मराठीला ही संदिग्धता जुनीच ठाऊक आहे, आणि ती मोडायला तिने दुसरा धातू शोधला नाही. जोडीला मदतनीस दिला. चहा गाळून घे. त्याचं नाव गाळून टाक. धातू एकच, ‘घे’ आणि ‘टाक’ आले आणि शंका संपली. यादीच्या मदतीला येणाऱ्या मेथड्सच्या मराठी नावांचा पेच मदतीच्या क्रियापदांनी सुटावा, याची मला मौज वाटली.

रुबीत जोड्या तयारच आहेत, म्हणून तुमचं काम सोपं. मात्सुमोतो यांनी १९९५मध्ये ही भाषा लोकांपुढे आणली, तेव्हा सिलेक्ट, रिजेक्ट, कलेक्ट ही नावं स्मॉलटॉक या जुन्या भाषेतून घेतली. फिल्टर हे नाव रुबीत खूप उशिरा आलं, डिसेंबर २०१८मध्ये, २.६ या आवृत्तीत. तेही सिलेक्टचंच दुसरं नाव म्हणून. म्हणजे मूळ नावात गाळणीचा संबंधच नव्हता. सिलेक्टला ‘निवडून घेणे’ आणि रिजेक्टला ‘वगळणे’ म्हणा. दोन्हींना अट तीच दिली, ‘गुण ३५ किंवा जास्त’, तर सिलेक्ट ७२, ९०, ४१ देतं आणि रिजेक्ट १८, ३३. पार्टिशन दोन्ही ढीग एकदम हातात देतं, अट पाळणारे आधी. त्याला ‘दोन वाटे करणे’ चांगलं. अटीला ‘कसोटी’ म्हणावं, कारण सोनार सोनं घासून पाहतो तसं इथे एकेक घटक अटीवर घासला जातो. शास्त्राच्या पुस्तकातलं ‘निस्यंदन’ तिथेच राहू द्या, यादीवर ते फार जड होतं.

एक सावधगिरी. आईने तांदूळ निवडले की परात बदलते, खडे गेले ते गेले. रुबीचं साधं सिलेक्ट मूळ यादीला हात लावत नाही, नवी यादी करून देतं. ‘घेणे’त हे थोडंफार येतंच: निवडून घेतलं म्हणजे आपल्याकडे घेतलं, तिथलं तिथे राहिलं. नावापुढे उद्गारचिन्ह असलेलं सिलेक्ट मात्र मूळ यादीच बदलतं. त्याला ‘निवडून ठेवणे’ म्हणून पाहा. घेणं आणि ठेवणं हा फरक मुलांच्या कानाला पटकन लागतो. या प्रकारात एक खोड आहे. यादीत टाकण्यासारखं काहीच नसेल, तर ते यादी परत न देता ‘निल’, म्हणजे ‘काहीच नाही’, देतं, आणि पुढची ओळ तिथे अडखळते. तांदळात एकही खडा न निघाल्याबद्दल रिकामी परात हाती यावी, तसं.

‘एवढं कशाला, सरळ “फिल्टर करा” लिहू’ असं तुमच्यातलं कोणी म्हणेल. खुशाल लिहा, शब्द आता आपलाच झालाय. पण ‘नापास मुलं फिल्टर करा’ असं फळ्यावर लिहून पाहा. वर्गातून लगेच आवाज येईल: ‘सर, करून घ्यायची की करून टाकायची?’