झाडाच्या पेशी उन्हाने जळतात, की त्यांना मरायला सांगितलं जातं?

तुमचा प्रश्न असा आहे की झाडं जगतातच प्रकाशावर, मग त्याच प्रकाशाने त्यांच्या पेशी मरतात कशा, आणि यात ऑक्सिडेटिव्ह ताणाचा, म्हणजे क्रियाशील बनलेल्या ऑक्सिजनमुळे पेशीवर येणाऱ्या ताणाचा, संबंध काय. मी वनस्पतीशास्त्र शिकवते आणि हा माझ्या फार जिव्हाळ्याचा विषय आहे, म्हणून सविस्तर लिहिते. बहुतेकांना वाटतं की पेशी भाजून निघते. कधीकधी तसं होतंही. पण पुष्कळदा पेशीला मरण्याचा हुकूम मिळतो, आणि तो तिच्याच हरितलवकातून सुटतो.

हरितद्रव्य प्रकाश शोषतच राहतं, पुढचं काम चालू असो की तुंबलेलं असो. सावलीत वाढलेलं पान भर दुपारच्या उन्हाचा साधारण पाचवा हिस्साही धड वापरू शकत नाही. पाण्याअभावी पर्णरंध्रं मिटली किंवा थंडीने विकरं मंदावली की वापर आणखी घटतो. जादा ऊर्जा उष्णता म्हणून बाहेर टाकायची सोय पानाकडे असते. त्यासाठी व्हायोलाझँथिन या पिवळ्या रंगद्रव्याचं झियाझँथिन काही मिनिटांत तयार होतं. तेवढ्याने भागलं नाही तर उत्तेजित हरितद्रव्य आपली ऊर्जा जवळच्या ऑक्सिजनला देतं आणि सिंगलेट ऑक्सिजन, म्हणजे ऑक्सिजनचं जादा ऊर्जा असलेलं क्रियाशील रूप, तयार होतो. हरितलवकात प्रकाश पकडणारे प्रथिनं आणि हरितद्रव्याचे दोन संच असतात, त्यांना प्रकाशप्रणाली एक आणि दोन म्हणतात. हे मुख्यतः प्रकाशप्रणाली दोनपाशी घडतं. प्रकाशप्रणाली एकपाशी ऑक्सिजनला ऊर्जेऐवजी थेट इलेक्ट्रॉन मिळतो, त्याचं सुपरऑक्साइड होतं आणि पुढे हायड्रोजन पेरॉक्साइड. आपण या सगळ्यांना सरसकट ‘क्रियाशील ऑक्सिजन’ म्हणून मोकळे होतो, पेशी मात्र त्यांच्यात नीट फरक करते.

हे कळलं ते एका सदोष रोपामुळे. झुरिचमध्ये क्लाउस आपेल यांच्या गटाने 2001 मध्ये अॅराबिडोप्सिस या मोहरीच्या कुळातल्या छोट्या झाडाचं ‘फ्लू’ नावाचं उत्परिवर्तित रूप जगापुढे आणलं. निरोगी रोप अंधार पडला की हरितद्रव्याचा कच्चा माल बनवणं थांबवतं, कारण प्रोटोक्लोरोफिलाइड या कच्च्या मालापासून पुढची पायरी प्रकाशाशिवाय होत नाही. ‘फ्लू’मध्ये हा लगामच तुटलेला आहे. त्यामुळे रात्रभर प्रोटोक्लोरोफिलाइड साठत जातं, सकाळी त्यावर प्रकाश पडतो आणि हरितलवकात एकदम सिंगलेट ऑक्सिजन उसळतो. कोवळी रोपं मरतात, मोठी झाडं वाढायची थांबतात. हेच रोप सतत प्रकाशात ठेवलं तर छान वाढतं, कारण साठा व्हायला रात्रच मिळत नाही. संशोधकांच्या दृष्टीने ही सोन्यासारखी गोष्ट होती. झाड नीट वाढवायचं, थोडा वेळ अंधारात ठेवायचं, दिवा लावायचा, की सिंगलेट ऑक्सिजन हवा तेव्हा सुरू. दिवा लागल्यावर अर्ध्या तासात शेकडो जनुकांचं काम बदललेलं दिसलं.

खरा धक्का 2004 मध्ये बसला. त्याच ‘फ्लू’ रोपात ‘एक्झिक्यूटर 1’ नावाचं आणखी एक जनुक बिघडवलं, तर सिंगलेट ऑक्सिजन पूर्वीइतकाच तयार झाला, पण रोपं मेली नाहीत! विद्यार्थ्यांना हा प्रयोग सांगताना मी इथे थांबते, कारण सगळं उत्तर यात आहे. विषाने पेशी जळत असती, तर एक जनुक काढून ती वाचली नसती. सिंगलेट ऑक्सिजन मायक्रोसेकंदांत विरून जातो, त्यामुळे तो स्वतः हरितलवकातून केंद्रकापर्यंत जाऊ शकत नाही. त्याची वर्दी पुढे पोचायला ‘एक्झिक्यूटर 1’ जनुकापासून बनणारं प्रथिन लागतं. ते नसलं की वर्दी नाही, आणि वर्दी नसली की मरणही नाही.

अर्थात याला मर्यादा आहे. प्रकाश फारच तीव्र केला तर ‘एक्झिक्यूटर’ असो वा नसो, पेशी मरते. तिथे पटलांतली (पेशीतल्या पातळ पडद्यांतली) मेदाम्लं आणि प्रथिनं खरोखरच नासतात. म्हणून ‘जळतात की मारल्या जातात’ याचं उत्तर मात्रेवर अवलंबून आहे.

पेशीने असं का मरावं? एक धागा रोगप्रतिकाराकडे जातो. ‘एलएसडी 1’ या दुसऱ्या उत्परिवर्तित रोपात दिवस मोठे असले की पानावर मेलेला ठिपका उमटतो आणि तो थांबतच नाही, पान संपेपर्यंत पसरतो. कुठलाही जंतू नसताना. रोगाला प्रतिकार करणारी ‘ईडीएस 1’ किंवा ‘पीएडी 4’ ही जनुकं बंद केली की हे पसरणं थांबतं. म्हणजे जंतूला कोंडण्यासाठी पेशी स्वतः मरतात, तीच यंत्रणा जादा प्रकाशानेही जागी होते.

शेतात हे सगळं तणनाशकांच्या रूपाने भेटतं. पॅराक्वाट प्रकाशप्रणाली एककडून इलेक्ट्रॉन हिसकावून ऑक्सिजनला देतं, म्हणून ते उन्हात काही तासांत पान करपवतं आणि अंधारात फार सावकाश चालतं. (हे रसायन माणसाच्या पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही. घरात ठेवू नका, दुसऱ्या बाटलीत ओतू नका.) कांद्यात वापरलं जाणारं ऑक्सिफ्लोरफेन तर थेट ‘फ्लू’ची आठवण करून देतं. ते हरितद्रव्य बनवणारं एक विकर अडवतं, प्रोटोपॉर्फिरिन हा हरितद्रव्याचा आणखी एक कच्चा माल साठतो आणि ऊन पडलं की सिंगलेट ऑक्सिजनने तणाची पटलं फाटतात. कांद्याची पात उभी आणि मेणचट असल्याने तिच्यावर थेंब टिकत नाही, म्हणून ती बचावते. तरी कोवळ्या पातीवर फवारणीनंतर पांढरट चट्टे येतात, आणि करपा हा बुरशीचा रोग समजून लगेच बुरशीनाशक मारलं जातं. आधी फवारणीची तारीख आठवा आणि मधून निघणारी नवी पात बघा. ती स्वच्छ असेल आणि चट्टे जुन्या पातीवरच थांबलेले असतील, तर बहुधा तो रोग नसतो आणि बुरशीनाशकाचा खर्च वाचतो.