पाण्यात उतरण्याआधी

पार्किन्सन्स (कंपवात) असताना चालण्याच्या व्यायामासाठी तलावात उतरायचं, तर पहिल्या दिवशी भीती वाटणारच, मलाही वाटली होती. पण पोहता येत असलं तरी एकट्याने कधीही उतरू नका. पार्किन्सन्समध्ये पोहण्याची जुनी सवय ऐनवेळी दगा देऊ शकते. मेंदूत डीबीएस, म्हणजे विजेचे सौम्य संकेत देणारं उपकरण, बसवलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाण्यात पाऊलही टाकू नये.

वेळ गोळीच्या हिशेबाने ठरवा. लेव्होडोपाचा, म्हणजे पार्किन्सन्सच्या औषधाचा, असर असतो तेव्हाच पाय मोकळे होतात, माझे साधारण तासाभराने. पाणी कोमट हवं, ३३ अंशांच्या आसपास.

छातीइतक्या पाण्यात शरीराचं निम्म्याहून जास्त वजन पाणीच पेलतं. तोल गेला तरी पडायला वेळ लागतो, तेवढ्यात पाऊल टाकून सावरता येतं. मला खरा फायदा इथेच दिसला. जमिनीवर पडण्याच्या धास्तीने आपण पाय खुरडत चालतो. पाण्यात मोठं पाऊल टाकायची हिंमत होते. टाच आधी टेकवा, हात झुलवा, मोठ्याने आकडे मोजा. मी तळाच्या फरशीची एकेक रेघ ओलांडत चालते. वळताना जागच्या जागी फिरू नका, पाय तिथेच चिकटतात. मोठा गोल घ्या.

बाहेर येताना घाई नको. पाण्याचा दाब सुटला की रक्तदाब उतरू शकतो, शिवाय सगळं वजन एकदम पायांवर येतं. कठडा धरून पायरीवर दोन मिनिटं बसा.

आणि हो, तुमचे पाय नेमके कुठे अडकतात, दारात की वळणावर, हे फिजिओथेरपिस्टना पहिल्याच दिवशी सांगा. सराव त्याचाच करून घ्या.